वाटाण्याचं सूप आणि तपकिरी निशाण

क्नापेनबेक,
मंगळवार, दुपार

प्रिय आणि आदरणीय हेडविगताईस,

धाकट्या चुलतभावाचा टोपी काढून, कंबर परवानगी देईल तितकं वाकून नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? हार्मभावजींचा खोकला थांबला का? समुद्राचा वारा छातीला चांगला असं डॉक्टर लोक म्हणतात, पण समुद्राकाठी राहणारा प्रत्येक माणूस मी खोकतानाच पाहिला आहे. तुमची मांजर, तुमचे बटाटे, कुंपणाची ती वाकडी फळी, सगळं ठीक असेल अशी आशा करतो. आणि मासे धुरावायचं ते धुरीघर? धुरीघर बरं आहे ना? म्हणजे अजून धूर नीट धरतं ना? तुझ्या सासऱ्यांनी बांधलेलं, तेव्हा पक्कंच असणार. सहज विचारलं. माणसाने नातेवाइकांबरोबर त्यांच्या इमारतींचीही विचारपूस करावी असं मला या वयात वाटू लागलं आहे.

आम्ही इकडे खुशाल आहोत, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. रोझविथा खरोखरच खुशाल आहे. तिला कशाचीच भीती वाटत नाही, आणि आमच्या संसारातला मुख्य तंटा तोच आहे. माझं म्हणशील तर रविवारपासून मी घरातच लपायची जागा शोधतो आहे. दाराची घंटा वाजली की मी कपाटाकडे बघतो, आत मावेन का म्हणून. (मावत नाही. प्रयत्न करून पाहिला.) अन्न गोड लागत नाही, आणि रस्त्यात कोणी ‘काय विनफ्रीड, निशाण कसं आहे?’ असं विचारलं की दरदरून घाम फुटतो. आणि ताई, विचारतात सगळेच. कारण येत्या नाही, त्याच्या पुढच्या शनिवारी आपल्या ग्लुकाउफ क्नापेनबेक क्लबाला सव्वाशे वर्षं होतात, सामना कालव्यापलीकडच्या वीझनरोडशी आहे, आणि सामन्याआधी साऱ्या गावासमोर निशाण घेऊन मैदानात चालायचं आहे ते मला.

तू लग्न करून समुद्राकडे गेलीस त्याला जमाना लोटला. तिकडे लोक फुटबॉलच्या निकालांपेक्षा भरती-ओहोटीची वेळ जास्त बघतात, म्हणून थोडी आठवण करून देतो. खाणीतली पाळी संपवून ‘कंदील’ नावाच्या गुत्त्यात बसलेल्या आपल्या पणजोबांच्या पिढीने हा क्लब काढला आणि रंग ठरवले तपकिरी आणि पिवळा. तपकिरी ती माती जिच्यात आपण उतरतो, आणि पिवळा तो दिवा ज्याच्या उजेडात आपण परत येतो. हे वाक्य मला ‘आमच्या बापा’च्या प्रार्थनेआधी पाठ होतं. शाळेत मास्तर म्हणायचे, घरी बाबा म्हणायचे, आणि क्लबातल्या मुतारीवरही ते रंगवलेलं आहे. जगात तपकिरी-पिवळा असा दुसरा क्लब नाही. (रोझविथा म्हणते, त्याला कारण आहे. ती म्हणते, आमचा संघ मैदानात उतरला की टेबलावर मोहरीची पिवळी चटणी सांडल्यासारखं वाटतं. पण ती मूळची म्युन्स्टरकडची, तिचं काय मनावर घ्यायचं!)

आणि या रंगांचं मूळ, पुरावा, प्रमाण, जे काही म्हणशील ते म्हणजे ते पहिलं निशाण. गुत्त्याच्या मालकिणीने हाताने शिवलेलं. शंभरावर वर्षं ते क्लबाच्या बिअरघरात, गल्ल्याच्या वर टांगलेलं आहे. एकोणीसशे तेवीस साली फ्रेंच शिपाई गावात आले तेव्हा ते हेरिंग माशांच्या पिंपात लपवून वाचवलं म्हणतात, आणि म्हणूनच पावसाळी हवेत त्याला अजूनही धुरावलेल्या मासळीचा बारीक वास येतो. पाहुण्यांना आम्ही मुद्दाम नाक लावायला सांगतो. (तेहेतीस सालानंतरच्या बारा वर्षांबद्दल मात्र आपल्या स्मरणिकेत एकच पान आहे, आणि त्यातलंही अर्धं वादळात पडलेल्या एका झाडाच्या फोटोने व्यापलं आहे. लहानपणी मला वाटायचं, त्या काळात गावात फक्त वारा सुटला होता.)

आता वीझनरोडबद्दल सांगायला नकोच. हिरवा-पांढरा. त्या रंगांचं नाव घेताना मला अजून बाबांचा चेहरा दिसतो. सामन्याच्या आठवड्यात आपल्या घरात पालक शिजत नसे, काकडी चिरली जात नसे, आणि एकदा आईने चुकून बटाट्यावर कोथिंबिरीसारखी ती अजमोदा भुरभुरली तर बाबांनी एकेक पान काट्याने बाजूला काढलं होतं, तुला आठवत असेल. अजूनही गावातली जुनी माणसं त्या आठवड्यात सिग्नल हिरवा झाला की एक क्षण थांबतात आणि मग नाइलाज असल्यासारखी रस्ता ओलांडतात. मी स्वतः उभ्या आयुष्यात हिरवा सदरा घातलेला नाही. हे सगळं पुढे येणाऱ्या गोष्टीसाठी ध्यानात ठेव.

आणि तुला बाबांचं शेवटचं आठवतंय ना? शवपेटीवर क्लबाने निशाण घातलं होतं. तो मान फक्त खाणीत पाठ मोडून घेतलेल्यांना मिळायचा. मी त्या कापडात तोंड खुपसून रडलो आणि तुला म्हणालो, ‘ताई, बाबांचा वास येतोय. खाणीचा, त्यांच्या कोटाचा.’ तू माझ्या खांद्यावर हात ठेवलास आणि म्हणालीस, ‘हो रे, काकांचाच.’ तेवढ्या एका वाक्यावर मी तो दिवस काढला. त्यानंतर किती वेळा मी बिअरघरात एकटा असताना गल्ल्याच्या खुर्चीवर चढून त्या निशाणाचा वास घेतला असेन, ते कोणालाच ठाऊक नाही. आज तुला सांगितलं.

गेल्या वर्षी आपले एवाल्ड काचमारेक वारले. जन्मभर निशाणदार. त्यांच्या जागी सभेने मला निवडलं. हात वर करून, एकमताने. (एक मत विरुद्ध होतं, ते माझंच.) निशाणदाराला शपथ घ्यावी लागते, निशाणावर हात ठेवून: ‘धुणार नाही, विकणार नाही, कालव्यापलीकडे नेणार नाही.’ घेताना शब्द चुकू नयेत याकडेच माझं सारं लक्ष होतं, त्यामुळे धुणं हे विकण्याच्याही आधी का येतं, याचा विचार करायला मला सवड झाली नाही. एवाल्डची बायको एलफ्रीडेबाई पहिल्या रांगेत बसली होती. तिने माझ्याकडे बघून असं काही हसू दाबलं की मला वाटलं, बिचारीला नवऱ्याची आठवण आली.

महोत्सवासाठी बिअरघर रंगवायला काढलं, म्हणून निशाण घडी करून माझ्या घरी आलं. रविवारी रोझविथा तिच्या मंडळाबरोबर नऊ खुंट्यांवर गोळे फेकायला गेली होती. मी एकटा. स्वयंपाकघरातल्या टेबलावर निशाण पसरून मी घडी उलगडायचा सराव करत होतो, कारण मैदानात ती चार झटक्यांत उलगडावी लागते आणि माझ्या हातून ती सतराशे साठ वेळा अडकते. शेजारी वाटाण्याच्या सुपाचा वाडगा होता. पुढचं तुझ्या लक्षात आलं असेल. कोपर लागलं. वाडगा उलटला. सॉसेजचा एक तुकडा बरोबर गुत्त्याच्या कंदिलाच्या चित्रावर जाऊन बसला.

ताई, भीती म्हणजे काय हे मला त्या क्षणी कळलं. खाणीत एकदा छताचा धोंडा माझ्या पुढ्यात पडला होता, तेव्हाही माझं एवढं पाणी पाणी झालं नव्हतं. मी चमच्याने सूप खरवडलं, फडक्याने टिपलं, आणि जो ओला डाग राहिला त्यावर रोझविथाचा तो डाग काढायचा, बैलाच्या पित्ताचा साबण अगदी हलक्या हाताने फिरवला. शपथ धुण्याविरुद्ध आहे, टिपण्याविरुद्ध नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली. फडकं उचललं तर खाली नाण्याएवढा हिरवा ठिपका.

मी म्हटलं, सुपाचा रंग धरला! दुसरं काय म्हणणार? वाटाणे हिरवेच असतात. म्हणून मी जरा जोर लावला. ठिपका बशीएवढा झाला. मी आणखी साबण लावला. जितकं घासावं तितकं हिरवं पसरत जाई. माझ्या तोंडून देवाचं नाव आणि शिव्या आळीपाळीने येत होत्या. घामाने चष्मा घसरत होता, आणि सूप कापडाच्या धाग्याधाग्यात शिरलं आहे, आता ते आपल्या सव्वाशे वर्षांना गिळून टाकणार, असं मला दिसत होतं. रोझविथा आली तेव्हा अर्धं निशाण हिरवंगार झालं होतं आणि मी जमिनीवर बसलो होतो.

तिने टेबलाभोवती एक फेरी मारली. मग म्हणाली, “विनफ्रीड, एका वाडग्यात एवढं हिरवं मावतं का रे?”

मी म्हटलं, “वाटाणे होते ना.”

“बरं. आणि हे पांढरं कुठून आलं? सुपात मी दूध घातलं नव्हतं.”

तेव्हा मी पहिल्यांदा नीट बघितलं. जिथे पिवळं होतं आणि माझा हात फिरला होता, तिथे ते पांढरंशुभ्र झालं होतं. हिरवं आणि पांढरं. शेजारी शेजारी. ताई, मला पुढचं लिहवत नाही, पण लिहितो. ते निशाण कधी तपकिरी नव्हतंच. माती नाही आणि दिवाही नाही. खाणीची काजळी, कोळशाच्या शेगडीचा धूर आणि चार पिढ्यांचा तंबाखू बसून बसून हिरव्याचं तपकिरी झालं होतं आणि पांढऱ्याचं पिवळं. आपल्या पणजोबांनी हिरवा-पांढरा क्लब काढला. का, ते देवाला माहीत. कदाचित त्यांना कुरणं आवडत असतील, कदाचित मालकिणीकडे तेच कापड स्वस्तात उरलं असेल. मग पहिल्यांदा नवे सदरे शिवायची वेळ आली तेव्हा कोणीतरी भिंतीवरचं निशाण बघून माप आणि रंग दिला असणार, आणि त्यानंतर कोणीतरी त्या रंगाला माती आणि दिवा चिकटवला. म्हणजे बाबांनी काट्याने जी पानं बाजूला काढली होती, ती आपल्याच रंगाची होती.

रोझविथा म्हणाली, अर्धी दाढी करून कोणी बाहेर पडत नाही. तिने बाह्या वर केल्या आणि उरलेलं निशाण न्हाणीतल्या टबात बुडवलं. मी तिला अडवलं नाही, कारण मी तेव्हा भिंतीला कपाळ लावून उभा होतो. पाणी कॉफीसारखं काळं निघालं. ते मोरीतून जाताना मला वाटलं, अख्खं क्नापेनबेक चाललं आहे. खाण बंद झाली, मोठं दुकान बंद झालं, चर्चला पाद्री दोन आठवड्यांतून एकदा बाहेरून येतो, स्टेशनात गाडी थांबते ती फक्त मागे वळायला. ज्या गावात आता सांगण्यासारखं काहीच उरलं नाही, त्या गावाला आपण कोण हे सांगणारे दोनच रंग होते. ते मी एका वाडगाभर सुपासाठी गटारात सोडले. आणि त्यांच्याबरोबर तो वासही गेला. आता निशाणाला साबणाचा वास येतो, धोब्याच्या दुकानासारखा.

धुतलं खरं, पण वाळवायचं कुठे? माळ्यावरच्या दोऱ्या साऱ्या इमारतीच्या सामाईक, खिडकीत टांगावं तर समोर बस थांबते. म्हणून न्हाणीघराच्या दांडीवर टाकलं आणि दार लावून घेतलं. आणि सोमवारी चारच्या सुमाराला घंटा वाजली. अध्यक्ष बोर्गमायर! दाताचे डॉक्टर, तुला आठवत असतील, तोंड उघडायला सांगून मग क्लबाचं राजकारण विचारणारे. निशाण बघायला आले होते. रोझविथा क्षणाचाही विलंब न लावता म्हणाली, “निशाण कापूर लावून गुंडाळून ठेवलंय, महोत्सवाआधी उघडलं तर अपशकुन होतो. एवाल्डही उघडत नसे.” हे तिने जागच्या जागी बनवलं. अध्यक्षांनी मान डोलावली आणि हा रिवाज स्मरणिकेत घ्यायला हवा, असं ते म्हणाले. (आपला इतिहास कसा तयार होतो हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.) मग ते केक खायला बसले, कॉफीचे पेले रिचवले आणि सत्तरी उलटलेल्या माणसाला कॉफीनंतर जे टाळता येत नाही, ते त्यांना करावंसं वाटलं. न्हाणीघर कुठे आहे, असं त्यांनी विचारलं.

 रोझविथा म्हणाली, “नळ फुटलाय हो, सगळं पाणी झालंय. खालच्या ल्युडकेंकडे जा, ते नाही म्हणायचे नाहीत.” अध्यक्ष एक पाय दुसऱ्यावर ठेवून क्षणभर तत्त्वाचा विचार करत उभे राहिले, कारण ल्युडके वीझनरोडचा आहे. मग तत्त्व मागे पडलं आणि ते जिना उतरले. मी सुटकेचा श्वास घेतला. पण आगीतून फुफाट्यात म्हणतात ते खोटं नाही. खालचा ल्युडके कोण? निवृत्त नळकारागीर! वरच्या मजल्यावर नळ फुटला हे ऐकून तो हत्यारांची पेटी घेऊन धापा टाकत वर आला. एका छताखाली वीस-एक वर्षं राहतो आम्ही, ‘नमस्कार’ आणि ‘कचरा आज की उद्या’ यापलीकडे आमचं बोलणं नाही. त्याच्या दारातलं पायपुसणं हिरवं-पांढरं आहे, आणि माझे पाय खराब असतील त्या दिवशी मी मुद्दाम त्यावरून जातो. तर तो माणूस ‘पाणी माझ्या छतातून येईल हो!’ म्हणत सरळ आत घुसला आणि त्याने न्हाणीघराचं दार उघडलं.

 मी दारात गेलो तर ल्युडके निशाणासमोर टोपी काढून उभा होता. डोळ्यांत पाणी.

“कधीपासून?” त्याने हळू आवाजात विचारलं.

मला वाटलं, सूप कधी सांडलं ते विचारतोय. मी म्हटलं, “रविवारपासून.”

“मनात तर फार आधीपासून असणार,” तो म्हणाला. “मला कळायचं हो, श्टेगेमानसाहेब. तुम्ही माझ्या पायपुसण्यावर पाय ठेवता तेव्हा कसे रेंगाळता! घाबरू नका. या गावात तुमच्यासारख्याने असं मन उघड करायचं म्हणजे जीव मुठीत धरून. मी मेलो तरी बोलणार नाही.” आणि त्याने मला मिठी मारली. पान्यासकट.

काय सांगायचं होतं मी त्याला? की मी तुमचा नाही, पण माझे पणजोबा तुमचे होते? हे खरं सांगण्यापेक्षा ते खोटं परवडलं. मी गप्प राहिलो, आणि माझ्या त्या गप्प राहण्याला तो कबुली समजला. आज सकाळी दाराशी बिअरच्या बाटल्या ठेवल्या होत्या, हिरव्या काचेच्या, आणि जिन्यात भेटला तेव्हा त्याने डोळा मारला. विसरलेली छत्री घ्यायला आलेल्या अध्यक्षांच्या समोर! अध्यक्ष म्हणाले, “श्टेगेमान, हा माणूस तुम्हाला डोळा का मारतोय?” मी म्हटलं, त्याच्या पापणीला काहीतरी आजार आहे. आता अध्यक्ष त्याला त्यांच्या ओळखीच्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाठवणार आहेत. मी कुठे कुठे म्हणून खिंड लढवू, ताई?

रात्री डोळा लागला की मला एकच दिसतं. मी मैदानाच्या मधोमध उभा आहे, एकदोनतीनचार, घडी उलगडली, आणि आपल्या बाजूचे सगळे लोक गप्प. ओरडत नाहीत, शिव्या देत नाहीत, नुसते गप्प. आणि पलीकडच्या बाजूने वीझनरोडवाले टाळ्या वाजवताहेत. त्या टाळ्यांना मी सर्वांत जास्त भितो. मला क्लबातून काढतील त्याचं काही नाही, मी म्हातारा आहे, घरी बसेन. पण आपल्या बाजूला खाणीतून वाचलेली जी चार माणसं उरली आहेत, ती माती आणि दिवा सोडून कशाला धरून मरणार?

रोझविथा म्हणते, खरं सांगून टाक, लोक हसतील आणि विसरतील. ती चूक आहे. क्नापेनबेकमध्ये लोक हसत नाहीत आणि विसरत तर मुळीच नाहीत. एका गोलरक्षकाने एकदा हातातला चेंडू सोडला होता, तर आजही त्याच्या नातवाला बेकरीत पाव देताना दोन्ही हातांनी धरायला सांगतात.

असो. तुझा फार वेळ घेतला. गुडघ्यांना जप, भावजींना माझा नमस्कार, मांजरीला कुरवाळ. तुझ्या आठवणीने जीव जरा थाऱ्यावर येतो, म्हणून लिहिलं, बाकी माझं काहीही मागणं नाही.

तुझा, भीतीने अर्धा झालेला (वजनाने नव्हे),
विनफ्रीड

ता. क. माझं एक मागणं आहे. पत्राबरोबर जे पार्सल येईल त्यावर ‘पलंगपोस’ लिहिलं आहे, ते भावजींसमोर उघडू नकोस. आम्ही निशाण चहात बुडवून पाहिलं, कॉफीत बुडवून पाहिलं, ते आजारी माणसाच्या उशीसारखं दिसू लागलं, म्हणून पुन्हा धुवावं लागलं. याला धूरच पाहिजे. तर कृपा करून तुझ्या धुरीघरात ते टांग आणि हिरव्याचं तपकिरी होईपर्यंत धुरी दे. तुझ्याकडच्या वाम माशांना दोन दिवसांत जो रंग चढतो, तोच पुरे. फक्त तेवढे वाम आधी बाहेर काढून घे, नाहीतर निशाणाला मासळीचा वास लागायचा आणि मी पकडला जायचो.

दुसरा ता. क. ल्युडकेने आत्ताच महोत्सवाच्या सामन्याचं तिकीट आणून दिलं, त्याच्या शेजारच्या जागेचं, वीझनरोडच्या बाजूचं. म्हणाला, तोंडावर मफलर गुंडाळून या, कोणी ओळखणार नाही. मी ‘आभारी आहे’ म्हणालो. मी काय बोलतो हे माझं मलाच कळेनासं झालं आहे.

तिसरा ता. क., बुधवार सकाळ. पत्र अजून टाकलेलं नाही, कारण पोस्टात निघालो तोच दारात एलफ्रीडेबाई काचमारेक. हातात मनुकांचा केक. मी पार्सल पाठीमागे लपवलं. तिने माझा चेहरा बघितला, नाकाने एकदा हवा ओढली (घरभर साबणाचा वास), आणि विचारलं, “काय सांडलंस रे?”

रोझविथा म्हणाली, “वाटाण्याचं सूप.”

“एवाल्डने बिटाचं लोणचं सांडलं होतं,” एलफ्रीडेबाई खुर्ची ओढून बसत म्हणाली. “आणि त्याच्या आधीच्या निशाणदाराने दाढीचं पाणी. प्रत्येकाला वाटतं, आपणच पहिले.”

ताई, मी मटकन खाली बसलो. रोझविथा इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. मी म्हटलं, मग मला सांगितलं का नाही? चार दिवस मी जिवंतपणी मरतोय! तर म्हातारी म्हणाली, “एवाल्ड म्हणायचा, सांगू नका. न घाबरणाऱ्या माणसाच्या हाती निशाण गेलं तर तो ते खुंटीवर टाकून विसरून जाईल. तूही पुढच्याला सांगू नकोस.” (नाही सांगणार. त्याला शपथ देईन आणि घरी सूप पाठवीन.) म्हणजे शंभर वर्षं ते तपकिरी काही काजळीने टिकलेलं नाही. माझ्यासारखीच घाबरट माणसं ते पुन्हा पुन्हा तपकिरी करत आली आहेत.

मग मी विचारलं, एवाल्ड धुरी द्यायला ते पाठवायचे कुठे? तिने काही सांगितलं नाही. ती उठली, माझ्या पाठीमागून पार्सल काढून घेतलं, चष्मा लावला आणि त्यावरचं तुझं नाव वाचलं. “आधी हिच्या सासऱ्याकडे,” ती म्हणाली, “नंतर हिच्याकडेच. पत्ता बरोबर घातला आहेस.”

आणि मी तुला माती, दिवा आणि हेरिंगचं पिंप समजावून सांगत बसलो होतो!

तेव्हा बाबांच्या शवपेटीवरचा तो वास खाणीचा नव्हता, त्यांच्या कोटाचाही नव्हता. तो तुझ्या वामांचा होता. तुला माहीत होतं, आणि तरी तू माझ्या खांद्यावर हात ठेवून ‘काकांचाच’ म्हणालीस. काल कळलं असतं तर मी रागावलो असतो. आज नाही रागवत.

ताई, पहिला ता. क. खोड. वाम बाहेर काढू नकोस. निशाण त्यांच्यातच टांग.